सात क्रमांकाचा डबा

शाळेच्या प्रयोगशाळेत बाहेरच्या व्यक्तीने घोड्याची लीद आणली, तर तिची नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये करावी, याचा खुलासा शिक्षण खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात नाही. धुळ्याच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे, तिथे हा प्रश्न एका सोमवारी दुपारच्या सुट्टीत उपस्थित झाला. प्रयोगशाळेच्या दारात साठीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. नऊवारी, पायात पुरुषी चपला, हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा.

"मास्तर, बारीक देखानं यंत्र शे ना तुमनाकडे?"

सूक्ष्मदर्शक आहे, असे मी सांगितले आणि डब्यात काय आहे ते विचारले.

"लीद. ताजी शे."

सुभद्राअक्कांची आणि माझी ओळख ही अशी झाली. त्यानंतर सहा वर्षे, म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत, त्या बहुधा महिन्यातून एकदा तो डबा घेऊन येत राहिल्या. पहिल्याच भेटीत मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून आले आणि म्हणाले, "बाई, ही शाळा आहे, पागा नाही."

अक्कांनी त्यांना नीट नमस्कार केला. "साहेब, पुस्तकमधला जंत पोरं रोज देखतस. मी खरा लई उनू."

खरे जंत आणलेत म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी रुमाल काढला नाही, पण ते निघून गेले. मी ती संमती समजलो.

अक्का जेमतेम चौथी शिकलेल्या. तारुण्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी एका तालुक्याच्या गावी गुरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून काम केले. झाडलोट करायची, जनावर धरायचे, डॉक्टरांची भांडी उकळायची, हे त्यांचे काम. डॉक्टर बदलत गेले, अक्का राहिल्या. सूक्ष्मदर्शकाजवळ उभे राहून त्यांनी इतक्या डॉक्टरांना लीद तपासताना पाहिले की शेवटी नव्याने आलेल्या डॉक्टरला काच कशी धरायची ते अक्काच सांगू लागल्या. निवृत्तीनंतर त्यांनी वरातीसाठी दोन घोड्या पाळल्या. धुळ्यात हा धंदा पुरुषांचा. अक्कांनी कोणाला विचारले नव्हते.

त्यांची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला माझ्याच अध्यापनाची थोडी लाज वाटली. संपृक्त द्रावणाची व्याख्या मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे. अक्का पाण्यात मीठ ढवळत राहायच्या, ते विरघळायचे थांबून तळाशी बसू लागले की थांबायच्या. मग त्या पाण्यात चमचाभर लीद कालवायची, चहाच्या गाळणीने गाळायची, लहान बाटलीत काठोकाठ भरायची आणि बाटलीच्या तोंडावर पातळ काच ठेवून पाव तास थांबायचे. जंतांची अंडी जड मिठाच्या पाण्यात तरंगून वर येतात आणि काचेला चिकटतात. ती काच उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की काम झाले. चमचा तोच, पाणी तेवढेच, वेळ तेवढाच, म्हणजे एका घोड्याची दुसऱ्याशी तुलना करता येते. गाळणीच्या दांड्याला त्यांनी लाल चिंधी बांधली होती. ती स्वयंपाकघरातल्या गाळणीत मिसळू नये म्हणून.

मोजण्याची रीत मात्र त्यांची स्वतःची होती. डावीकडे ज्वारीच्या दाण्यांनी भरलेली वाटी, उजवीकडे रिकामी. डोळा भिंगाला लावायचा आणि एक अंडे दिसले की हाताने चाचपून एक दाणा डावीकडून उजवीकडे टाकायचा. डोळा हलत नाही, आकडा विसरत नाही. शेवटी उजव्या वाटीतले दाणे मोजायचे. मी ही रीत नंतर वर्गात परागकण मोजण्यासाठी वापरली.

त्यांच्या इतर सवयीही याच जातीच्या. घोड्या दव वाळल्यावरच चरायला सोडायच्या, कारण लिदीतून बाहेर पडलेल्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात आणि चरताना पोटात जातात. चारा जमिनीवर टाकायचा नाही, उंच गव्हाणीतच घालायचा. पडलेली लीद तिसरा दिवस उजाडायच्या आत उचलायची आणि खड्ड्यात ढीग लावून कुजवायची. ढीग तापला की आतली अंडी मरतात. अक्का त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून "चुल्हा शे" असे समाधानाने म्हणायच्या. माशीने घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांवर घातलेली पिवळी, तिळाएवढी अंडी त्या बोथट सुरीने खरवडून काढायच्या, कारण घोड्याने पाय चाटला की तीच पोटात जाऊन वाढतात. आणि या सगळ्यावर त्यांचे एक वाक्य: "पहिले देखसूत, मंग दिसूत." आधी पाहू, मग औषध देऊ. कोणते औषध आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. कधी, ते लीद सांगेल.

हे वाक्य त्यांना कुठून मिळाले, ते मी एकदा विचारले. काच पुसता पुसता त्यांनी सांगितले. आवाज चढला नाही, उतरलाही नाही.

घोड्या घेतल्या त्या पहिल्याच वर्षी त्यांनी तापीकाठच्या यात्रेतून एक शिंगरू आणले होते. हातपाय काडीसारखे, पोट मात्र माठासारखे. चार लोकांनी सांगितले, जंत आहेत, कडक औषध दे. अक्कांनी दिले. शिंगरांच्या आतड्यात वीतभर लांबीचे पांढरे जंत होतात. शेकड्यांनी असलेले ते जंत कडक औषधाने एकदमच लुळे पडले आणि त्यांचा बोळा आतड्यात अडकला. शिंगरू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळत राहिले. डॉक्टरांनी नंतर पोट उघडून दाखवले. अक्का म्हणाल्या, आतडे दोरखंडासारखे भरले होते.

"जंत मरनात, मास्तर. औषध चांगलं व्हतं." त्यांनी काच उजेडात धरून पाहिली. "मीच मारं त्याले. दवाखानामा तीस वरीस उभी राहिनू, आनि घरना शिंगरूनी लीद देखी नही."

आता भिकनभाऊंविषयी सांगितले पाहिजे, कारण अक्का पूर्ण उभ्या राहतात त्या भिकनभाऊंच्या समोर.

पांझरेच्या काठी गावाबाहेर एक गायरान होते. वरातीचे घोडे पाळणारी सात-आठ घरे तिथे आपली जनावरे चारत. भिकनभाऊ त्यांचे पुढारी. माणूस दिलदार, अडल्यानडल्याला स्वतःचा घोडा देणारा, फेटा कायम कडक. त्यांनी एक शिस्त घालून दिली होती: दर दुसऱ्या अमावास्येला गायरानावरच्या सगळ्या घोड्यांना जंताचे औषध. हे औषध लेपासारखे असते आणि नळीतून घोड्याच्या जिभेवर पिळतात. एक नळी एका मोठ्या घोड्यासाठी असते. भिकनभाऊंच्या शिस्तीत ती तीन घोड्यांत वाटली जाई. कोणी उपाशी राहू नये, असा त्यामागचा भाव होता. प्रसाद वाटावा तशी ती वाटली जाई आणि सगळे समाधानाने घरी जात.

अक्का आपल्या घोड्यांना त्या दिवशी नळी देत नसत. सुरुवातीला हे थट्टेवर गेले. त्यांना 'लीदवाली अक्का' म्हणू लागले. एकदा भर बाजारात कोणीतरी तशी हाक मारली, तेव्हा अक्का वळून म्हणाल्या, "हं, बोल. कोना घोडानी देखनी शे?" त्यानंतर ती हाक टोमणा म्हणून फारशी चालली नाही.

मग एका पावसाळ्यानंतर भिकनभाऊंचे दोन घोडे रोडावले. अंगावरची तकाकी गेली, शेपटीची मुळे घासून घासून उघडी पडली. नळी तर वेळेवर मिळत होती. मग जंत कुठून आले? सगळ्यांची बोटे अक्कांच्या दोन घोड्यांकडे वळली. कारण नळी न खाणाऱ्या त्याच.

अमावास्येच्या सकाळी अक्कांनी मला गायरानावर बोलावले होते. मी पोहोचलो, तेव्हा वाद सुरू झाला होता.

"बठ्ठासना घोडा नळी खातस," भिकनभाऊ म्हणत होते. "तुन्याच घोड्या काय राजान्या शेतस का, अक्का?"

"राजान्या नहीत. मन्या शेतस."

"मंग तुन्या तुन्हा घर बांध. गायरान बठ्ठासनं शे."

गायरान सगळ्यांचे, तुझ्या घोड्या घरी बांध, हे बोलणे साधे नव्हते. अक्कांच्या घरामागे पत्र्याची एक पडवी होती, दोन घोड्या जेमतेम उभ्या राहतील एवढीच. चरणे आणि हिंडणे गायरानावरच. ते गेले तर उभ्या उभ्या घोड्यांचे पाय सुजणार, पोट धरणार, आणि दोनपैकी एक तरी विकावी लागणार. मोठी चांदणी आणि धाकटी बिजली, याच अक्कांच्या घरातली माणसे होती.

अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आज नळी द्या तुम्ही. पंधरा दिवसनंतर बठ्ठासनी लीद देखू. मन्ही एक बी घोडी तुमना घोडासपेक्षा जंताळ निंघनी, तं मी गायरान सोडसू. नही निंघनी, तं नळीनी सक्ती बंद."

"मोजसी कोन? तूच?"

"मी मोजसू. कागद मास्तर धरतीन."

भिकनभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी शिक्षक असल्याचा धुळ्यात झालेला हा एकमेव उपयोग असावा. ते म्हणाले, "सर खोटं बोलणार नाहीत. चालेल."

मी एक अट सुचवली. डब्यांवर घोड्यांची नावे नकोत, फक्त क्रमांक. क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरतील आणि यादी माझ्या खिशात राहील. मोजणाऱ्याला आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते ते कळता कामा नये. प्रयोगाचा हा पहिला नियम आहे आणि चांगल्या माणसांसाठी तो अधिक आवश्यक असतो, कारण त्यांचाही डोळा नकळत आपल्या माणसाला झुकते माप देतो. अक्कांनी मान डोलावली. "बेस शे."

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, प्रयोगशाळेत बारा डबे आले. दहा गायरानावरच्या लोकांचे, दोन अक्कांचे. भिकनभाऊ आणि आणखी चार जण भिंतीला टेकून उभे राहिले. एकाने मोबाईलवर चित्रण सुरू केले. अक्कांनी पदर खोचला, ज्वारीची वाटी डावीकडे ठेवली आणि कामाला लागल्या. खोलीत दाणे पडण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

पहिल्या डब्याचे दाणे पुष्कळ. दुसऱ्याचेही. तिसऱ्या डब्याला दोनच दाणे पडले. चौथा, पाचवा, सहावा, पुन्हा पुष्कळ. सातव्या काचेवर अक्कांचा हात थांबेना. दाणे पडत राहिले, उजव्या वाटीत ढीग झाला, दाणे कडेवरून टेबलावर घरंगळले. अक्कांनी डोळा न उचलता म्हटले, "बापरे. हाई जनावर आजारी शे. कोनं शे बिचारं?"

मी यादी उघडली. सात क्रमांकासमोर बिजली लिहिले होते.

त्या क्षणी मी काय करावे, हे मी मुलांना अनेकदा शिकवले होते आणि तरीही मी यादीची घडी पुन्हा घालू लागलो. अक्कांनी डोळा भिंगावरून उचलून माझ्याकडे पाहिले. त्यांना समजले.

"वाचा, मास्तर. मोठ्यानं वाचा."

"सात," मी म्हणालो. "बिजली."

भिंतीजवळ कोणीतरी शिट्टी वाजवली. भिकनभाऊंचा चेहरा उजळला. "देखा! अक्कानीच घोडी बठ्ठासमा जंताळ!"

"हा," अक्का म्हणाल्या. "मन्हीच शे. दोन महिना व्हयनात, तिनी लीद मी देखी नही. लगनसराईमा घाई करी. चूक मन्ही." त्यांनी उजवी वाटी रिकामी केली, दाणे मोजून मला आकडा सांगितला आणि आठवा डबा ओढला.

"आता कशाला?" भिकनभाऊ म्हणाले. "शर्त संपली."

"शर्त संपनी. मोजनी नही संपनी."

उरलेले पाच डबे त्यांनी त्याच संथपणे मोजले. मग मी पूर्ण यादी वाचली. तीन क्रमांकाची, दोन दाण्यांची, चांदणी होती. तिला वर्षभर अमावास्येची नळी मिळाली नव्हती. उरलेले दहा घोडे पंधरा दिवसांपूर्वी औषध घेतलेले होते. औषध लागू पडले असते, तर त्यांच्या वाट्या जवळजवळ रिकाम्या राहायला हव्या होत्या. दहाच्या दहा वाट्या भरल्या होत्या.

"एक नळी, तीन घोडा," अक्का भिकनभाऊंना म्हणाल्या. "अशक्त जंत मरतस. दांडगा वाचतस. त्यास्नीच पोरं व्हतस. दोन-दोन महिनाम्हा तुम्ही जंतेसले तालीम दी राहिनात, भाऊ. पैलवान करी टाकात त्यास्ले." मग त्यांनी गाळणी धुतली, चिंधी पिळली आणि डबा उचलला. "मी हारनू. आज सांजले घोड्या काढी लेस."

आणि खरोखर त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, त्यांनी गायरानावरचे आपले दोन खुंटे उपटले. कोणी थांबा म्हटले नाही. अक्कांनीही कोणाकडे पाहिले नाही.

पुढची हकीकत मी सायकलवरून शाळेत जाता-येता पाहिली. बिजलीसाठी डॉक्टर आले. त्यांनी तिच्या छातीभोवती फीत लावून वजन काढले आणि त्या वजनाला पुरेल एवढे औषध, दुसऱ्या कोणाशी न वाटता, तिला मिळाले. पंधरा दिवसांनी तिच्या वाटीत तीन दाणे पडले. मधल्या काळात अक्का दोन्ही घोड्यांना लगाम धरून रस्त्याच्या कडेने रोज सकाळ-संध्याकाळ चालवत नेत. साठीच्या बाई, दोन्ही बाजूंना दोन घोड्या, मागून वाजणारे ट्रक. कोणी विचारले की म्हणत, "फिरानं औषध शे. माले बी."

पण खरी गोष्ट वेगळीच होती. खुंटे उपटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गायरानाजवळून गेलो, तर अक्का आत होत्या. एका हातात घमेले, दुसऱ्या हातात फावडे. दुसऱ्यांच्या घोड्यांची लीद उचलत होत्या. भिकनभाऊ कुंपणाशी उभे राहून ओरडत होते, "अक्का, तुले बंदी शे ना!"

"बंदी घोड्यास्ले शे. माले नही."

"तुन्हा काय संबंध आमना लीदशी?"

अक्कांनी फावडे टेकवले. "गवतले काय माहीत, भाऊ, कोना घोडा खाई राहिना?" आणि पुन्हा वाकल्या.

सगळा हिवाळा त्या रोज जात राहिल्या. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलेही नाही. ही माघार आहे की चढाई, याचा भिकनभाऊंना शेवटपर्यंत उलगडा झाला नसावा.

फाल्गुनात भिकनभाऊंच्या आवडत्या घोडीचे शिंगरू आजारी पडले. हातपाय काडीसारखे, पोट माठासारखे. लोकांनी सांगितले, नळी द्या, पूर्ण द्या, आता अक्काच म्हणते ना पूर्ण द्या. भिकनभाऊ नळी घेऊन निघाले आणि काय मनात आले कोण जाणे, अक्कांच्या दारात जाऊन उभे राहिले. हातात पोळ्यांचा डबा होता.

अक्का त्या दिवशी शाळेत धावत आल्या, मागून भिकनभाऊ. मी त्यांना धावताना पाहिले ते एकदाच. काच लावली, पाहिली, आणि ज्वारीला हातही लावला नाही. अंडी इतकी होती की मोजण्यासारखे राहिले नव्हते. त्या भिकनभाऊंकडे वळल्या आणि हात पुढे केला. "नळी दे मन्हाकडे."

भिकनभाऊंनी नळी दिली. अक्कांनी ती कमरेला खोचली आणि डॉक्टरांना फोन लावायला सांगितले. डॉक्टरांनी सौम्य औषध निवडले, जंत हळूहळू, थोडे थोडे बाहेर पडतील असे. अक्का चार दिवस त्या शिंगराशेजारी बसून होत्या. किती जंत पडले, पोट कधी मऊ झाले, लीद कधी नीट झाली, हे त्या मला रोज येऊन सांगत. पाचव्या दिवशी शिंगराने आईला ढुशी दिली. अक्का हे सांगताना हसल्या नाहीत. काच पुसत राहिल्या, पुसून झालेली काच पुन्हा पुसत राहिल्या.

त्या आठवड्यात भिकनभाऊ फेटा बांधून त्यांच्या घरी गेले. मी तिथे होतो. "अक्का, नळीनी सक्ती बंद करी. शर्त बी इसरी जाय. उद्या घोड्या लई ये गायरानवर."

मला वाटले, आता त्या डोळे पुसतील. अक्कांनी ताठ मानेने उत्तर दिले, "नही."

"का वं?"

"तुमना दहा घोडासनी लीद पहिले देखसू. ज्याले जंत शेत त्याले पूरी नळी, डाक्टरना हातथून. पंधरा दिवसनंतर परत देखसू. गायराननं गवत उन्हाळाभर वाळू द्या, अळ्या मरतीन, कोनी चारू नका. मंग मन्या घोड्या येतीन."

भिकनभाऊंनी फेट्याचा शेमला चाळला. "म्हंजे आते आमलेच बंदी?"

"हा," अक्का म्हणाल्या. "चहा ले."

त्याच उन्हाळ्यात मी निवृत्त झालो आणि माझ्या गावी, असोद्याला परत आलो. निघण्याच्या दिवशी सकाळी रिक्षा मुद्दाम गायरानावरून घ्यायला सांगितली. उन्हाने गवत पिवळे पडले होते, एकही घोडा आत नव्हता. अक्का घमेले घेऊन वाळकी लीद वेचत होत्या. पन्नास पावलांवर, पाठमोरे, भिकनभाऊ वाकले होते. फेटा बाभळीला टांगलेला, हातात फावडे. मी हाक मारली. अक्कांनी मान वर करून हात हलवला आणि लगेच वळून भिकनभाऊंना फावड्याने दिशा दाखवली.

"तठे, बाभूळखाले. राही गयं."

भिकनभाऊ परत फिरले आणि बाभळीखाली वाकले.